‘अवशेषमुक्त’ हा शब्द आम्ही पाकिटावरून काढतोय

नमस्कार. आपण एक तारा देऊन लिहिलंत की चवळीच्या शेंगांचं पाकीट फोडताच औषधाचा उग्र वास आला, दोनदा धुऊनही गेला नाही, आणि पाकिटावर मात्र ‘अवशेषमुक्त’ छापलंय. आपला राग रास्त आहे, मनापासून माफी मागतो. पैसे परत केले आहेत. त्या तोड्यातला उरलेला माल विक्रीतून काढलाय आणि नमुना तपासणीला दिलाय.

काल त्या प्लॉटची वही पुन्हा वाचली. मावा या किडीसाठी डायमेथोएट हे कीटकनाशक फवारलं होतं, लेबलवरचे प्रतीक्षेचे दिवस (फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचं अंतर) मोजून तोडा झाला. दिवस पाळले म्हणजे झालं, असं आम्ही धरून चाललो. पण तेवढ्या दिवसांत औषध संपत नसतं. ते ठरलेल्या मर्यादेखाली यावं एवढीच अपेक्षा असते. समजा अर्धं व्हायला ३ दिवस लागले, तर ६ दिवसांनी पाव उरतं, ९ दिवसांनी अष्टमांश. आणि हे ३ दिवसही ऊन, उष्णता नि झाडाची वाढ यांवर कमी-जास्त होतात. फवारणीनंतर आमच्याकडे आठवडाभर आभाळ भरलेलं होतं, म्हणजे औषध हळू कमी झालं असू शकतं.

चवळीच्या एकाच वेलावर फूल, कोवळी शेंग आणि तयार शेंग सोबतच लटकतात. फवारताना फुलात असलेली शेंग पुढे वाढते, तसा तिच्यातला अंश वजनाच्या मानाने विरळ होतो. तेव्हाच वीतभर झालेलीला तो फायदा नाही. म्हणून तयार शेंगा आधी तोडायच्या आणि मग फवारायचं. इथे ते झालं नाही, आणि त्या जून शेंगा कोवळ्यांबरोबर क्रेटमध्ये आल्या. चूक आमचीच.

धुतलं की औषध निघून जातं, असं आमच्या माणसाने आपल्याला सांगितलं, तेही चुकीचं. धुतल्याने वरचा थर निघतो. डायमेथोएट आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरून पसरणारं आहे, शेंगेच्या आत गेलेलं पाण्याने येत नाही. शिवाय झाडात त्यातल्या काहीचं ओमेथोएट बनतं, जे मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं. तपासणीत दोन्ही मोजायला सांगितलंय.

वासावरून प्रमाण कळत नाही. बिनवासाच्या शेंगांतही अवशेष असू शकतात. त्यामुळे अहवाल हातात येईपर्यंत मी ‘काळजी करू नका’ म्हणणार नाही. घरात उरलेल्या शेंगा कृपया खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. अहवाल जसा येईल तसा याच उत्तराखाली टाकतो.