वेदरायझेशनला प्रशिक्षण कशाला? एका दाव्याचा मुद्देसूद प्रतिवाद

अमेरिकेत १९७६ पासून एक सरकारी योजना चालू आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांतून उष्णता वाया जाणं थांबवायचं, गॅस-विजेचं बिल खाली आणायचं, आणि त्यासाठी कुटुंबाकडून पैसे घ्यायचे नाहीत. या कामाला तिकडे वेदरायझेशन म्हणतात. पैसा ऊर्जा खात्याकडून राज्यांना जातो, राज्यांकडून स्थानिक संस्थांना, आणि घरात शिरून काम करतो तो चार-पाच जणांचा क्रू.

या योजनेबद्दल एक दावा खूप पसरला आहे. मिशिगन, इलिनॉयकडे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गप्पांतही तो सहज निघतो. दावा थोडक्यात असा: मिशिगनच्या अभ्यासानं ही योजना तोट्याची ठरवली आहे. फटी बुजवणं आणि भिंतीत उष्णता अडवणारं इन्सुलेशन भरणं यात शिकण्यासारखं काही नाही. वर घर जास्त बंद केलं की माणसं आजारी पडतात. तेव्हा कामगारांच्या प्रशिक्षणावर आणि तांत्रिक मदतीवर जाणारा पैसा सरळ घरांवर खर्च करावा.

एकेक मुद्दा घेऊ.

‘मिशिगनच्या अभ्यासानं योजना तोट्याची ठरवली’

दाव्यातला हा भाग सगळ्यात वजनदार आहे, आणि अर्धा खराही आहे. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरीन वोल्फ्रम या अर्थतज्ज्ञांनी मिशिगनमधली ३० हजारांहून जास्त कुटुंबं घेऊन अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाचा खर्च वाचलेल्या ऊर्जेच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाला, आणि संगणकाच्या मॉडेलनं आधी वर्तवलेली बचत प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहून जास्त होती. हे आकडे झटकून टाकण्यासारखे नाहीत.

पण बचत कमी का पडली? इलिनॉयमध्ये याच योजनेतल्या घरांवर क्रिस्टेन्सन, फ्रान्सिस्को, मायर्स आणि सहकाऱ्यांनी नेमकं तेच शोधलं. वर्तवलेली बचत आणि हाती आलेली बचत यांच्यातल्या तफावतीचा ४३ टक्क्यांपर्यंतचा भाग कामाच्या दर्जातल्या फरकामुळे होता, आणि ४१ टक्क्यांपर्यंतचा भाग मॉडेल आणि मोजमापातल्या चुकांमुळे. ‘घर उबदार झालं की लोक थर्मोस्टॅट वाढवून ठेवतात’ हे नेहमी पुढे केलं जाणारं कारण जेमतेम ६ टक्क्यांचं निघालं.

मॉडेलला आकडे पुरवतो तोही माणूसच, म्हणजे कामाआधी घर तपासणारा ऑडिटर. भिंतीत जुनं इन्सुलेशन आहे का, हे बघण्यासाठी स्विचची झाकणपट्टी काढून बाजूच्या फटीतून प्लास्टिकची काडी आत सारावी लागते. ते न करता कागदावर ‘भिंत रिकामी’ लिहिलं, तर मॉडेल अशी बचत वर्तवतं जी त्या घरात होणं शक्यच नसतं. म्हणून मिशिगनचा अभ्यास प्रशिक्षणाच्या विरोधातला पुरावा होत नाही. इलिनॉयच्या आकड्यांशेजारी ठेवला तर तो प्रशिक्षणाच्या बाजूनं बोलतो.

‘फटी बुजवायला अक्कल लागत नाही’

न शिकलेला माणूस सीलंटची नळी घेऊन पहिल्यांदा खिडकीकडे जातो, कारण वारा तिथे अंगाला लागतो. पण हिवाळ्यात गरम हवा वर चढते, घराच्या माथ्यातून बाहेर पडते आणि तितकीच थंड हवा खालून आत ओढून घेते. त्यामुळे मोठ्या गळती माळ्याच्या जमिनीत असतात: आतल्या भिंतींच्या माथ्यावरच्या फळ्यांच्या कडेनं, सांडपाण्याचा उभा पाइप वर जातो तिथे, चिमणीभोवतीच्या पोकळीत, किचन कॅबिनेटच्या वरच्या खोट्या छतात. जुन्या इन्सुलेशनखाली त्या दिसत नाहीत. इन्सुलेशन सरकवून बघितलं की काळी पडलेली जागा सापडते. तिथून वर्षानुवर्षं हवा गेलेली असते आणि तंतूंनी तिच्यातली धूळ गाळून धरलेली असते.

फट सापडली तरी कुठे काय वापरायचं हे माहीत हवं. धुराड्याभोवती साधा फोम चालत नाही, तो जळतो. तिथे गॅल्व्हनाइज्ड पत्रा कापून बसवायचा, कडेला उष्णता सोसणारं सीलंट भरायचं, आणि पत्र्याचंच कडं उभारून इन्सुलेशन धुराड्यापासून ३ इंच लांब ठेवायचं. छतात बसवलेल्या जुन्या दिव्यांवर इन्सुलेशन चढवलं तर दिवा तापून आग लागू शकते. १९७८ पूर्वीच्या घरात रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे भोक पाडण्याआधी प्लास्टिक अंथरण्यापासून धूळ टिपण्यापर्यंतची पद्धत ठरलेली आहे. माळ्यावर व्हर्मिक्युलाइट या जुन्या इन्सुलेशनचे चमकदार खडे दिसले तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायचं आणि त्यांना हात लावायचा नाही. चिनी मातीच्या खुंट्यांवरून गेलेली जुनी वायरिंग दिसली तर इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय ती झाकायची नाही.

‘इन्सुलेशन भरणं म्हणजे हमाली’

कष्ट आहेतच. पण बचत सगळ्यात जास्त निसटते ती इथेच, म्हणून इथे हिशेब सविस्तर मांडतो.

रिकाम्या लाकडी भिंतीत कागदाच्या लगद्याचं सेल्युलोज यंत्रानं दाबून भरतात. घनता घनफुटाला किमान साडेतीन पौंड, म्हणजे घनमीटरला साधारण ५६ किलो लागते. त्याहून सैल भरलं की ते काही वर्षांत खाली बसतं आणि भिंतीच्या वरच्या भागात, जिथे गरम हवा असते तिथेच, रिकामी पट्टी राहते.

एका खणाचा हिशेब करू. दोन खांबांमधलं अंतर साडेचौदा इंच, खोली साडेतीन इंच, उंची ९३ इंच. घनफळ सुमारे २.७ घनफूट, म्हणजे साडेनऊ पौंड माल. असे १० खण भरायला ९५ पौंड लागतात, म्हणजे २५ पौंडांच्या जवळजवळ चार पिशव्या. क्रूनं अडीच पिशव्यांत १० खण ‘भरले’ असतील तर ते भरलेले नाहीत, नुसते फुगवलेले आहेत. सहा पिशव्या गेल्या असतील तर माल दुसरीकडे चालला आहे: सिंकखालच्या कपाटात, तळघरात, किंवा जुनं प्लास्टर फुगवून खोलीत. म्हणून क्रू लीडर दर भिंतीला रिकाम्या पिशव्या मोजतो. पिशव्या मोजायची सवय प्रशिक्षणातच लागते.

आता नळीचं काम. बाहेरून दोन-अडीच इंचाचं भोक पाडायचं. सव्वा इंचाची, फूट-फूट खुणा केलेली नळी खणाच्या टोकापर्यंत सारायची. माल भरत आला की यंत्राचा आवाज बदलतो आणि नळीतला प्रवाह अडतो. तेवढ्यात नळी थोडी मागे ओढायची, पुन्हा थांबायचं. घाईनं ओढली तर मधे पोकळी राहते. नळी चार फुटांवरच अडली, तर आत आग अडवणारी आडवी फळी आहे. तिच्या पलीकडे दुसरं भोक पाडावंच लागतं. न शिकलेला कामगार ‘नळी जात नाही’ म्हणून पुढच्या खणाकडे वळतो आणि अर्धी भिंत रिकामी राहते. बाहेरून हे कुणालाच दिसत नाही. दिसतं ते इन्फ्रारेड कॅमेऱ्यात, तेही आत-बाहेरच्या तापमानात पुरेसा फरक असताना. प्रशिक्षण केंद्रांत पारदर्शक प्लास्टिकची भिंत उभारतात, ती यासाठीच: नळी कशी ओढली की पोकळी कुठे राहते, हे शिकणाऱ्याला डोळ्यांनी बघता येतं.

माळ्यावरही तेच. यंत्रात हवा जास्त सोडली की थोडक्या मालात थराची जाडी मोजायच्या पट्टीवर १४ इंच भरतात, पण त्यात नुसती हवा असते. खरा पुरावा पिशवीवर छापलेला तक्ता: हजार चौरस फुटांना किती पिशव्या.

‘घर बंद केलं की माणसं आजारी पडतात’

चाचणी न करता केलं तर पडू शकतात, मरूही शकतात. म्हणून घर गळकं ठेवणं हा उपाय नव्हे. चाचणी करणं हा उपाय आहे.

धोका कसा तयार होतो बघा. तळघरात धुराड्यानं धूर सोडणारा गॅसचा वॉटर हीटर आहे. घर आवळलं. वर किचनचा पंखा, बाथरूमचा पंखा आणि कपड्यांचा ड्रायर एकदम चालू आहेत. ही तिन्ही यंत्रं हवा बाहेर फेकतात, घरातला दाब उतरतो आणि धूर वर जायच्या ऐवजी धुराड्यातून खोलीत उलटा येतो. त्यातच कार्बन मोनॉक्साइड असतो. म्हणून काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा, खिडक्या लावून, पंखे आणि ड्रायर चालवून, दारं उघडी-बंद करून सगळ्यात वाईट स्थिती मुद्दाम आणतात. मग हीटर पेटवून त्याच्या माथ्यावरच्या टोपीपाशी धुराची कांडी धरतात. साधारण पाच मिनिटांनंतरही धूर बाहेर लोटला जात असेल, तर तो हीटर नापास. घरातल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दशलक्ष भागांत ७० च्या वर गेला, तर आधी माणसं बाहेर काढायची.

ताज्या हवेचंही गणित ठरलेलं आहे. घराच्या चौरस फुटांना ०.०३ नं गुणायचं, बेडरूमच्या संख्येत एक मिळवून साडेसातनं गुणायचं, दोन्हींची बेरीज करायची. १,२०० चौरस फूट, तीन बेडरूम: ३६ अधिक ३०, म्हणजे मिनिटाला ६६ घनफूट. पण खोक्यावर ८० छापलेला पंखा ८० देईलच असं नाही. लवचीक पाइप लांब, वाकलेला, दबलेला असला तर प्रवाह पार उतरतो, म्हणून बसवल्यावर मोजायचा. आणि तो पाइप माळ्यावर मोकळा सोडला, तर बाथरूमची सगळी वाफ छताच्या लाकडावर बसते आणि बुरशी धरते.

‘प्रशिक्षणाचा पैसा घरांवर लावा’

पैसा झपाट्यानं वाढला की कामगार तितक्याच झपाट्यानं तयार होत नाहीत, हे २००९ मध्ये दिसलं. त्याआधी योजनेला वर्षाकाठी साधारण सव्वादोनशे दशलक्ष डॉलर मिळत, त्या वर्षीच्या कायद्यानं एकदम ५ अब्ज दिले. त्यानंतरच्या वर्षांत कामाचे लेखी निकष आले, आणि इन्स्टॉलर, क्रू लीडर, ऑडिटर, दर्जा तपासनीस अशा चार भूमिका ठरवून प्रमाणपत्रंही आली. २०२१ च्या कायद्यानं आणखी साडेतीन अब्ज डॉलर आले.

वर्गातलं शिक्षण पुरत नाही, म्हणून तांत्रिक मदतही लागते. उदाहरण ब्लोअर डोअरचं, म्हणजे घराची गळती मोजायच्या यंत्राचं. दारात पंखा बसवून घराचा दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कल (दाबाचं एकक) खाली आणतात आणि किती हवा ओढावी लागली ते वाचतात. त्याआधी वॉटर हीटर पायलटवर, म्हणजे नुसत्या बारीक ज्योतीवर, आणायचा, नाहीतर ज्योत बाहेर ओढली जाऊ शकते. निघताना तो परत सुरू करायला विसरू नये म्हणून जुने तंत्रज्ञ गाडीची किल्ली हीटरवरच ठेवतात. समजा घर इतकं गळकं आहे की दाबातला फरक ३० पास्कलच्या पुढे जातच नाही आणि यंत्र मिनिटाला ५,००० घनफूट दाखवतं. नवा माणूस ५,००० लिहून मोकळा होतो. काम झाल्यावर ५० पास्कलला ४,८०० येतात. कागदावर फरक २०० चा, म्हणजे क्रूनं दिवसभर काही केलंच नाही. खरं तर पहिला आकडा ५० पास्कलच्या पातळीवर आणायला त्याला १.३९ नं गुणायला हवं होतं. ते साधारण ६,९५० होतात आणि गळती २,१५० नं उतरलेली असते. पंख्याचं तोंड लहान करणारी कोणती रिंग बसवली ते मीटरला सांगायचं राहिलं, तरी आकडे असेच फसतात. अशा वेळी जागेवरून फोन लावला तर उचलणारा जाणता माणूस हवा, आणि वर्षातून काही वेळा क्रूबरोबर माळ्यावर चढणाराही.

हे सगळं काढून टाकलं तरी घर पूर्ण झालेल्या घरांच्या मोजणीत येण्याआधी प्रमाणित तपासनीसानं ते पाहिलंच पाहिजे, हा नियम राहतोच. त्यावर राज्याचा निरीक्षक किमान ५ टक्के घरं पुन्हा बघतो, आणि ऑडिटर व तपासनीस एकच असेल तर १० टक्के. भिंत पोकळ निघाली की क्रू परत येतो, भिंतीवरचं बाहेरचं आवरण, म्हणजे साइडिंग, पुन्हा उघडतो, भोकं पुन्हा पाडतो, माल पुन्हा भरतो. त्या दिवशी ज्या घराचा नंबर होता, ते पुढे ढकललं जातं.