ढग डोंगराला आपटून पाऊस पडत नाही

'सह्याद्री ढगांना अडवतो, ते डोंगराला आपटतात आणि महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो' हे एका लेखातलं वाक्य खटकलं. मुलं पेपरात हेच लिहितात आणि त्यांना मार्कही मिळतात, म्हणून मुद्दाम लिहितेय. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा घाट चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते: किलोमीटरमागे साधारण १० अंशांनी, ढग बनू लागला की जरा सावकाश. त्या गारव्यात बाष्पाचे थेंब होतात. डोंगर फक्त हवेला वर चढायला लावतो. सायकलच्या ट्यूबमधून सुटणाऱ्या हवेसमोर बोट धरायला सांगा. गार लागतं, पाचवीच्या पोरालाही पटतं.

आणि घाटाच्या अलीकडे, म्हणजे पूर्वेला, काय? मी माण तालुक्यात शिकवते. 'बाई, ढग आपल्या डोक्यावरून जातात, मग पडत का नाहीत?' हा प्रश्न दर जुलैत येतो. पूर्वेला उतरताना तीच हवा दाबली जाते, तापते, ढग विरत जातात. म्हणून एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त आणि आमच्या माणमधल्या दहिवडीला जेमतेम ५०० च्या आसपास. तोही बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरात, दुपारी जमीन तापून हवा जागच्या जागी वर चढते तेव्हा, विजांसकट. तिथे तर आपटायला डोंगरही लागत नाही!