उस्मानाबादी शेळी विकू नका

गेल्या दोन महिन्यांत एकच मजकूर मला सहा गटांवर आला. थोडक्यात असा: "उस्मानाबादी लहान हाडाची, 30 किलोच्या पुढं जात नाही. ती विका, बोअर आणा. बोअर 100 किलो भरतो, करडू सहा महिन्यांत 40 किलोचं होतं, वर्षाला दोन वेतं मिळतात, रोग होत नाही. देशीचं मटण म्हणजे नुसती हाडं." आमच्या भावकीतल्या एका पोरानं हे वाचून बारा शेळ्या बाजारात नेल्या. त्यांतल्या दोन दर वेताला जुळी देणाऱ्या होत्या. ते पाहून मला गप्प बसवलं नाही.

आधी वजनाचं. बोअर ही दक्षिण आफ्रिकेची जात, पांढऱ्या अंगाची, तांबड्या डोक्याची, खास मटणासाठी निवडत आणलेली. चांगल्या खाण्यावर तिचा बोकड 100 किलोच्या पुढं जातो, यात खोटं काही नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 1990च्या दशकातच ही जात आपल्याकडं आणली. म्हणजे बोअर इतकी वर्षं आपल्या हाताशी आहे. तरी धाराशिव-लातूरकडच्या घरांपुढं बांधलेली दिसते ती काळी उस्मानाबादी शेळीच. लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे. ते चाऱ्याकडं बघून जनावर ठेवतात.

मोठं जनावर किलोमागं कमी खातं, हेही मान्य. वजन दुप्पट झालं तरी अंग राखायला चारा दुप्पट लागत नाही, साधारण 1.7 पट लागतो. पण एप्रिल-मे महिन्यांत आपला चारा 1.7 पट होतो का? त्या दिवसांत माझ्याकडं असतं काय, तर बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, तुरीचं भुसकट, थोडा कडबा आणि बांधावरची सुबाभूळ. एवढ्यावर 30-35 किलोच्या दहा शेळ्या निभावतात. त्याच चाऱ्यावर दुप्पट वजनाच्या सहाच निभावतील. सहांतली एक दगावली तर सहावा हिस्सा गेला, दहांतली एक गेली तर दहावा. त्यात चारा कमी पडला की शेळी आधी स्वतःचा जीव राखते. अंग उतरलेली शेळी माजावर येत नाही, आलीच तर जुळ्याच्या जागी एकच करडू देते. मटण विकणाऱ्या घराला शेळी किती किलोची यापेक्षा ती दर वेताला किती करडं जगवते हे जास्त महत्त्वाचं. ज्याच्याकडं बारमाही पाणी आणि हिरवा चारा आहे त्यानं बोअरचा विचार जरूर करावा. आमच्यासारख्या कोरडवाहू घरानं मे महिन्यातली गव्हाण बघून ठरवावं.

सहा महिन्यांत 40 किलो. जन्माला चार किलोचं करडू 180 दिवसांत 40 वर न्यायचं तर पहिल्या दिवसापासून रोज 200 ग्रॅम वाढ हवी. शुद्ध बोअर, आईला भरपूर दूध आणि करडाला सतत खुराक असेल तर हे जमतं. मजकुरात मात्र खुराकाचा खर्च कुठंच नाही. आपल्या दारी येतो तो बहुधा संकर, आणि तो चरतो आपल्याच माळावर. माझं करडू चरून आणि मूठभर मक्यावर सहा महिन्यांत 14-15 किलोचं होतं. हा आकडा सांगायला मला कमीपणा वाटत नाही, कारण त्यावर झालेला खर्च मला माहीत आहे.

वर्षाला दोन वेतं हे तर गणितातच बसत नाही. शेळी 150 दिवस गाभण राहते. व्यायल्यावर करडं पाजून अंग सावरायला, पुन्हा लागायला दोन-तीन महिने जातात. नीट सांभाळलं तर दोन वर्षांत तीन वेतं. "शंभर शेळ्यांची वर्षाला चारशे करडं" असं जिथं लिहिलंय, तिथं मेलेलं एकही करडू धरलेलं नाही.

रोगाबद्दल एवढंच: पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांत झपाट्यानं पसरणारा विषाणूचा रोग, जात विचारून येत नाही. त्याची लस आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याच्या रोगाची) लस देशीला लागते तशी बोअरलाही लागते.

आता मटण, कारण सगळा खटाटोप त्यासाठीच. मटण चिवट होतं ते वयानं. उग्र वास येतो तो मोठ्या, खच्ची न केलेल्या बोकडाला. आणि कापण्याआधी जनावर लांब पळवलं, दमवलं, घाबरवलं की मटण काळपट आणि कोरडं पडतं. यातलं काहीही हाडाच्या मापावर ठरत नाही. उस्मानाबादीच्या अंगातून वजनाच्या निम्म्याला थोडं कमी मटण उतरतं. गावच्या खाटकाला वर्षाच्या आतबाहेरचा, दहा-बारा किलो मटणाचा बोकड हवा असतो, कारण तो रविवारी दुपारपर्यंत संपतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला थोडी मांडी, थोडी चाप, थोडी कलेजी द्यावी लागते आणि उरलेलं ठेवायला शीतपेटी नसते. तोच खाटीक बोअरला म्हणून किलोमागं जास्त भाव देत नाही. जास्त भाव मिळतो तो पैदाशीसाठी जनावर विकणाऱ्याला. म्हणून कोणी बोअरची चित्रफीत दाखवली, की तो मटण विकतो का बोकड विकतो, एवढं विचारा.

मीही एकदा त्या वाटेनं गेलो होतो. एका फार्मवरच्या बोअरच्या बोकडाकडं माझी पहिलारू पाट, म्हणजे पहिल्यांदाच गाभण जाणारी तरुण शेळी, नेली. करडू डोक्यानं मोठं, पाट रात्रभर अडली. डॉक्टरांनी शेळी वाचवली, करडू गेलं. लहान अंगाच्या पहिलारूला तो बोकड दाखवायला नको होता, चूक माझी.

मजकुरातली एक गोष्ट मात्र मला टोचली, आणि ती टोचायलाच हवी. उस्मानाबादी 30 च्या आसपास अडकते याला आपणही जबाबदार आहोत. कळपातला सगळ्यात देखणा, जोमानं वाढणारा बोकड आपण बकरी ईदला किंवा जत्रेला विकतो. मागं राहतो तो कुणीच न घेतलेला, आणि तोच पुढं सगळ्या शेळ्यांना लागतो, वर्षानुवर्षं, स्वतःपासून झालेल्या पाटींना आणि त्यांच्या पाटींनाही. जात बदलण्याआधी हे बदलता येतं. जुळ्यातला, दुधाळ आईचा, वेळेत वाढलेला बोकड ठेवायचा आणि दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या बोकडाशी अदलाबदल करायची. यंदा माझ्याकडच्या अशाच एका बोकडाला ईदला चांगला भाव आला होता. तो मी विकला नाही. आमच्या वस्तीवरच्या चार घरांच्या शेळ्या आता त्याच्याकडं येतात.