पाच तारे नकोत, पोहे किती वाजता संपतात ते लिहा

खेड्यापाड्यातल्या हॉटेलांबद्दल नेटवर जे लिहिलं जातं, ते वाचून प्रवाशाला काहीच हाती लागत नाही. "एक नंबर चव, मालक चांगला, पाच तारे." अरे पण काय खाल्लं? किती वाजता? बाजाराच्या दिवशी की आडवारी? प्यायचं पाणी कुठलं होतं? आपल्या विदर्भात फाट्यावरचं हॉटेल दिवसभर एकसारखं नसतं. सकाळी सातला जिथले तर्री पोहे तालुक्यात नावाजलेले, तिथेच दुपारी तीनला वाळलेले, दाताखाली कचकच करणारे पोहे ताटलीत येतात. सकाळचा माणूस पाच तारे देतो, दुपारचा एक देतो, आणि दोघेही खरंच बोलत असतात. सरासरी निघते तीन, आणि तो तीनचा आकडा दिवसाच्या कुठल्याच वेळेला लागू पडत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की स्वस्तातल्या हॉटेलाला मार्क देऊ नका. पदार्थाला द्या, आणि वेळ लिहून द्या.

तर्री पोह्यांचंच घ्या, कारण सकाळी दहाच्या आत विदर्भात कुठेही उतरलात तरी हेच खायचं. पोहे जाड हवेत. भट्टीवर गंजात (पातेल्यात) पाणी उकळतंय, त्यावर परातीत पोहे आणि वर झाकण, अशी मांडणी दिसली तर पोहे वाफेवर आहेत आणि मऊ मिळतील. नुसत्या कढईत उघडे ढीग लावून ठेवलेले असतील तर वरचा थर वाळलेला असणारच. पण वाफेलाही मर्यादा आहे. दोन-अडीच तासांच्या पुढे तळाचा लगदा होतो. म्हणून "पोहे आहेत का?" असं विचारू नका, "काकाजी, हा कितवा घाणा?" असं विचारा. दुसरा-तिसरा चालू असेल तर हॉटेल खपाचं आहे. साडेनऊलाही पहिलाच घाणा सुरू असेल, तर चहा घ्या आणि पुढे निघा.

आता तर्री. लाल तेलाचा तवंग दिसला म्हणजे तर्री चांगली, हा समज सोडून द्या. चांगल्या तर्रीत वाटलेला कांदा आणि आलं-लसूण तेल सुटेपर्यंत परतलेलं असतं. मग आच कमी करून तिखट घातलेलं असतं आणि ते करपायच्या आत पाण्याचा हबका मारलेला असतो. त्यानंतर रात्री भिजवून शिजवलेले हरभरे. तिखट करपलं की रंग तपकिरीकडे जातो आणि कडवट चव जिभेच्या मागच्या बाजूला राहते. वर सांबार (कोथिंबीर) कितीही भुरभुरला तरी ती जात नाही. गर्दीच्या वेळी तर्री संपत आली की गंजात गरम पाणी ओततात. मग तेल वर तरंगतं आणि खाली तिखटाचं पाणी उरतं. ओळखायला सोपं आहे. पळी तळापर्यंत घालून वाढायला सांगा. रस्सा पळीच्या पाठीला धरला तर मसाला आहे, पाण्यासारखा निथळून गेला तर वाढवलेली तर्री आहे. हरभऱ्याची सालं सुटी होऊन तरंगत असतील, दाणा पिठूळ असेल आणि किंचित साबणासारखी चव येत असेल, तर खायचा सोडा जास्त पडलाय. पोटाला जड वाटतं ते यानेही. लहान मुलं बरोबर असतील तर तर्री वेगळ्या वाटीत मागा, कोणी नाही म्हणत नाही. पुन्हा तर्री मागितली तर पैसे लागतात का, हेही तुमच्या पोस्टमध्ये लिहा. बहुतेक ठिकाणी लागत नाहीत, आणि वीस-तीस रुपयांच्या प्लेटीत पोट भरण्याचं खरं गणित तिथेच आहे.

तळणाबाबत मी जास्त कडक आहे. आलुबोंडा, समोसा, मुंगवडा, भजे यांच्यासाठी तेल साधारण १७० ते १८० अंशांच्या आसपास तापलेलं लागतं. तेल कमी तापलं असेल तर बोंडा ते पितो, कागदावर ठेवताच तेलाचा डाग पसरतो. तेच तेल रोज तापवलं तर ते काळं आणि चिकट होतं, कमी आचेवरच धूर सोडतं, आणि बोंडा टाकल्यावर बुडबुड्यांऐवजी बारीक फेस येऊन तो जिरत नाही. हा फेस दिसला की काही घेऊ नका. तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय घटकांचं (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की वाढणाऱ्या) प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं तर ते तेल वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षेचा नियम २०१८ पासून आहे. फाट्यावर ते मोजायला कोणी येत नाही, पण डोळ्यांना दिसतं तेवढं पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट दुबार तळण. सकाळी समोसे अर्धे तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा सोडतात. त्यात गैर काही नाही, पण दुसऱ्या तळणात आतपर्यंत ऊन झालं पाहिजे. फोडून बघा. कवच गडद आणि आतलं सारण गार असेल तर परत द्या. मे महिन्यात तर बटाट्याच्या सारणावर मुळीच विश्वास ठेवू नये. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि सकाळी सहाला उकडून मळून ठेवलेला बटाटा परातीत दाबून ठेवलेला असतो. बाहेरून काही कळत नाही. बोंडा फोडून दोन्ही अर्धे हळूहळू दूर करा. मधे बारीक तार सुटली किंवा आंबूस वास आला तर तो बोंडा खाऊ नका, कितीही ऊन असला तरी. उन्हाळ्यात दुपारी तळलेलंच खायचं असेल तर कांद्याचे भजे सांगा. पीठ डोळ्यांसमोर कालवतात आणि साठवलेलं सारण मधे येतच नाही. शेगावची कचोरीही याच कारणाने प्रवासात टिकते. तिच्यात बटाटा नाही, सारण कोरडं आहे. मात्र शेगावच्या नावाची पाटी आता प्रत्येक रस्त्यावर दिसते, म्हणून पाटीवर जाऊ नका. कचोरी फोडल्यावर सारण कोरडं आणि मसाल्याचा वास देणारं आहे का ते बघा.

वर्तमानपत्रावर खाऊ घेऊ नका. गरम तेल छपाईची शाई ओढून घेतं. स्टीलची ताटली मागा, नाहीतर सोबत एक डबा ठेवा.

आता पाण्याकडे येतो. हॉटेलांच्या रिव्ह्यूत त्याचा उल्लेख मला जवळपास कधीच दिसत नाही, आणि सगळ्यात आधी तोच हवा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतला मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, संग्रामपूर या बाजूला जमिनीतलं पाणी खारट आहे. ज्या हॉटेलात बोअरचं पाणी वापरतात तिथे वरणाची डाळ नीट गळत नाही आणि चहाला मचूळ चव राहते. त्यात आचाऱ्याचा दोष नसतो. तिथे योजनेच्या नळाचं किंवा जारचं पाणी स्वयंपाकाला वापरणारं हॉटेल सापडलं, तर ते नाव खुशाल चारचौघांना सांगा. पूर्वेकडे आणि यवतमाळच्या काही गावांत अडचण वेगळी आहे. तिथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. एका जेवणाने काही होत नाही, पण रोज त्या वाटेने जाणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी नि औषध कंपन्यांच्या एमआर लोकांनी आपली बाटली घरून भरून न्यावी. जारचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हेही धरून चालू नका. बरेच जार नुसते गार केलेले असतात. पावसाळ्यात तर कापलेला कांदा, काकडी, उघडी चटणी बाजूला सारा. रस्सा उकळलेला असतो, कोशिंबीर कशात धुतली ते कोणाला माहीत? उसाच्या रसात नि लिंबू सरबतात बर्फ नको म्हणून आधीच सांगा. ग्लास भरल्यावर सांगून उपयोग नाही.

जेवणाचं म्हणाल तर साधा नियम आहे. त्या घरात जे रोज शिजतं तेच मागा. फाट्यावरच्या ढाब्यावर मेनूकार्ड आठ पानांचं असतं, त्यात पनीरचे पंधरा प्रकार. दिवसाला दोन गिऱ्हाईकं पनीर मागत असतील तर ते पनीर किती दिवसांचं असेल, आणि मुळात दुधाचं असेल का, याचा विचार करा. त्यापेक्षा चून-भाकर (चून म्हणजे पिठलं), वांग्याची भाजी, वरण-भात, बेसनाच्या वड्यांचा पातोडी रस्सा हे सांगा. बेसन, तूर, ज्वारी, वांगी हा इथलाच माल, रोज खपणारा. भाकर ऑर्डरनंतर थापली जाते का ते विचारा. गरम तव्यावरची भाकर पापुद्रा सोडते, सकाळची दुमडली की तुटते. चून पातळ आणि गुठळ्यांचं असेल तर बेसन आधी पाण्यात न कालवता थेट टाकलंय. पातोडीची वडी रस्स्यात विरघळली तर वाफ कमी पडली, रबरासारखी लागली तर शिळी आहे. दुपारी तीननंतर जिरा राईस किंवा फोडणीचा भात मागू नका. सकाळचा भातच परतून येतो, आणि उन्हाळ्यात शिळ्या भाताने होणारी उलटी साधी नसते, पुन्हा गरम केल्यानेही ते विष जात नाही.

सावजीबद्दल थोडं. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण, आणि आता विदर्भातल्या प्रत्येक फाट्यावर त्याची पाटी आहे. नुसतं तिखट म्हणजे सावजी नव्हे. खरा रस्सा आधी खड्या मसाल्याचा वास देतो, तिखट नंतर चढतं. रस्सा भडक लाल असेल आणि पहिल्याच घासाला फक्त घसा जळत असेल, तर तो पूड आणि रंगाचा खेळ आहे. भिवापुरी मिरचीचाही रंग असा उसना वाटत नाही.

भंडारा-गोंदियाकडे जात असाल तर मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठच्या गावांत मासळी नि झिंगे ताजे मिळतात. तिथे मेनू बघायचा नाही, "आज तलावातलं काय आलं?" एवढंच विचारायचं. बाहेरून बर्फात आलेलं असेल तर मालक बहुतेकदा स्वतःच सांगतो.

वार आणि ऋतू तर लिहाच. आठवडी बाजाराच्या दिवशी गावातलं साधं हॉटेलही उत्तम असतं. पहाटेपासून भट्टी पेटलेली, माल तासाभरात खपतो, तेल ताजं ओतलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हॉटेलात कालची शिल्लक गरम होते, म्हणून बाजाराचा दुसरा दिवस मी सगळ्यात वाईट धरतो. डिसेंबर-जानेवारीत तुरीचे हिरवे सोले येतात, तेव्हा सोलेभात किंवा सोले-वांगे कुठे मिळतात हे कळलं तर त्यासाठी वीस किलोमीटर वाट वाकडी करावी. मेनूकार्डावर ते कधीच नसतं, विचारावं लागतं. पोळा आणि तान्हा पोळा या दोन दिवशी खेड्यातली हॉटेलं दुपारनंतर बंद मिळतात. घरून डबा घ्या.

समृद्धी महामार्गामुळे एक फरक पडलाय. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता गावांना वळसा घालून जातो, त्यामुळे हॉटेल शोधायचं तर इंटरचेंजवरून खाली उतरावं लागतं. उतरून कारंजा, मेहकर अशा गावात जाऊन खाणं हे वेळेच्या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. ते करावंच. पण निघण्याआधी ठरवून ठेवा, भुकेने जीव कासावीस झाल्यावर पुढचा इंटरचेंज किती लांब आहे ते शोधू नका.

मग रिव्ह्यू कसा लिहायचा? मला वाचायला मिळावा असा नमुना देतो: "फाट्यावरून गावात शिरताना डाव्या हाताला, बँकेसमोर. मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी सव्वाआठ. तर्री पोहे मऊ, हरभरा शिजलेला, पुन्हा तर्री फुकट. प्लेट २५ रुपये, एकाला पुरते. तेल स्वच्छ. पाणी नळाचं, जार नाही. चहा गोड जास्त, कमी साखर सांगावी. दहा वाजता पोहे संपतात. फोनपे चालतो पण रेंज नाही, सुटे ठेवा. बायकांसाठी सोय नाही." यात एकही तारा नाही, आणि यावरून कोणीही गाडी थांबवायची की नाही ते ठरवू शकतो. काही बिघडलेलं मिळालं तर लिहिण्याआधी मालकाला सांगा. खेड्यात तो समोरच उभा असतो, बहुतेक वेळा प्लेट बदलून देतो, आणि बदलून दिली हेही लिहा. गल्ल्याजवळ अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर लावलेला दिसला तर त्याचाही उल्लेख करा.

नमुन्यातली बायकांच्या सोयीची ओळ कृपा करून गाळू नका. पुरुष रिव्ह्यू लिहितात आणि ही गोष्ट त्यांच्या लक्षातच येत नाही. कितीतरी बायका प्रवासात दिवसभर पाणी पीत नाहीत, केवळ पुढे सोय असेल की नाही हे माहीत नसतं म्हणून. मे महिन्यात विदर्भात पाणी न पिता सहा तासांचा प्रवास म्हणजे थेट ऊन लागणं. हॉटेलात संडास नसेल तर जवळचा पेट्रोल पंप कुठे आहे ते लिहा. पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि चाकातली हवा फुकट द्यावी लागते. कुलूप असेल तर चावी मागा. आतून कडी लागते का, पाणी येतं का, रात्री दिवा असतो का, या तीन गोष्टी लिहिल्यात तरी तुमची पोस्ट कामाची.