फवारणी नको, आधी रोपं कुठून आली ते सांगा

टेकडीवरच्या एका पांगाऱ्याची पानं आखडलीत, देठांना गाठी आल्यात, असा फोटो परवा आमच्या फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर आला. चहा उकळायच्या आत निकालही लागला: फवारून टाकू. पंप कोणाचा, औषध कोण आणणार, वर्गणी किती, सगळं ठरलं. वर्गणीला इतक्या चटकन हो म्हणणारे पुणेकर मी पहिल्यांदाच पाहिले. कीड कोणती, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

माझा संशय पांगाऱ्यावर गाठी करणाऱ्या गांधीलमाशीवर आहे. नमुना तज्ज्ञांकडे दिलाय, ते सांगतील ते खरं. ही माशी जेमतेम दीड मिलिमीटरची, मूळची आफ्रिकेतली. शास्त्राने तिला नाव दिलं २००४ साली. २००५ मध्ये ती हवाईत पोचली आणि त्याच सुमारास केरळातही सापडली. तिथे मिरीचे वेल पांगाऱ्यावर चढवतात, म्हणजे झाडाबरोबर वेलाचाही आधार गेला. मादी कोवळ्या पानात, देठात अंडी घालते. अळी आतच वाढते, झाड तिच्याभोवती गाठ धरतं, आणि तीनेक आठवड्यांत नवी माशी भोक पाडून बाहेर येते. झाड पुन्हा फुटवा काढतं, तोही गाठाळतो. हे सारखं होत राहिलं की मोठं झाडही वाळतं.

आता फवारणीचं बघा. अळी गाठीच्या आत, औषध पानाच्या वर. तिच्यापर्यंत पोचायचं तर मुळाशी किंवा खोडात आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारं, औषध द्यावं लागतं. हवाईत मोजक्या झाडांना तसं दिलंही. पण आपला पांगारा पानं गाळून लालभडक फुलतो, तेव्हा शिंजीर, बुलबुल, मैना, कावळे, मधमाश्या सगळे त्याच्या मधावर तुटून पडतात. झाडात भिनलेलं औषध मधातही उतरू शकतं. द्राक्षबागेत फवारणीचा हिशेब शेतकऱ्याला कळतो, कारण बाग त्याची आणि तोटाही त्याचा. टेकडीवरच्या या पाहुण्यांचा हिशेब कोण ठेवणार?

हवाईवाल्यांनी खरं काम वेगळंच केलं. त्यांचा स्थानिक पांगारा, विलिविली, झपाट्याने मरायला लागला तेव्हा तिथले कीटकशास्त्रज्ञ आफ्रिकेत गेले. माशीच्या मूळ मुलखात तिला खाणारं कोणी असेलच, हा साधा विचार. टांझानियात अशी दुसरी एक चिमुकली गांधीलमाशी मिळाली, जिच्या अळ्या गाठीतल्या अळ्या फस्त करतात. ती आणून लगेच सोडली नाही. बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवून ती दुसऱ्या कशाला हात लावते का, हे तपासलं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये सोडली. झाडांची पानं सावरली. फुलांचं आणि बियांचं नुकसान मात्र तेवढं थांबलं नाही. एवढा धीर त्यांना कुठून आला याचं उत्तर त्यांच्याच इतिहासात आहे: १८८३ मध्ये उसातले उंदीर मारायला त्यांनी मुंगूस आणलं होतं, जमैकामार्गे, पण मूळचं आपल्याच देशातलं. त्याने तिथल्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाल्ली.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण आठवतोय? मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि २०१० पर्यंत आपल्या पुणे जिल्ह्यातल्या बागांत पोचला. पपई पांढरीफटक. तो पपईपुरता थांबला नाही. जास्वंद, तुती, अगदी सागावरही त्याची नोंद आहे. लोकांनी मिळेल ते मारलं, पण अंगावरच्या मेणामुळे औषध नीट लागत नाही आणि त्याचे शत्रू मात्र मरतात. शेवटी बंगळूरुच्या सरकारी कीटक-संशोधन संस्थेने (आजची एनबीएआयआर) अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने प्वेर्तो रिकोहून परजीवी माश्या आणल्या. त्यांतली ॲसेरोफॅगस पपाये इतकी पसरली की आज कित्येक शेतकऱ्यांना त्या संकटाची आठवणही नसेल. काम झालं की कोणी सत्कार करत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पण माझा मुद्दा याच्याही आधीचा आहे. या किडी एवढ्या लांब उडत येत नाहीत, आपण त्यांना गाडी करून आणतो. २०१६ मध्ये नारळावरची रुगोज पांढरी माशी तमिळनाडूत पोल्लाचीला दिसली आणि थोड्याच काळात आंध्रात, गोदावरीकाठच्या कडियममध्येही सापडली. कडियम म्हणजे देशातलं रोपवाटिकांचं मोठं गाव. पुण्यातल्या सोसायट्यांच्या बागा, रस्त्यांमधले दुभाजक, जुलैतली वृक्षारोपणं, या सगळ्यांसाठी तिथून ट्रक येतात. रोपं पिशवीतल्या मातीसकट येतात. फोटो निघतात, फलक लागतो, आणि पानाखाली कोण बसून आलं ते कोणी उलटून बघत नाही. टेकडीवर लावायची रोपं हजार किलोमीटरवरून आणायची ही कोणती झाडांची माया, मला कधी कळलेली नाही.

दुसरी वाट लाकडाची. अमेरिकेत ॲशची झाडं कोट्यवधींनी मारणारा हिरवा भुंगा बहुधा आशियातून खोक्यांच्या लाकडातून गेला. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला तेव्हा तो तिथे कित्येक वर्षं मुरलेला होता. पुढे सरपणाच्या मोळ्यांबरोबर राज्याराज्यांत पोचला. आपल्या चाकण-रांजणगावला परदेशी मशिनं लाकडी खोक्यांतच येतात. त्या लाकडावर गव्हाच्या कणसासारखा शिक्का आणि एचटी अशी अक्षरं असतील तर ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटं तापवलेलं असतं. शिक्का नसेल तर भंगारवाल्याकडून तसलं पॅलेट आणून गच्चीत टेबल करण्याआधी जरा थांबा. कॅफेवाल्यांनो, तुम्हीही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, प्रत्येक खाल्लेलं पान म्हणजे परचक्र नव्हे. मुळशीकडे सागाच्या पानांची पार जाळी झालेली दिसते, ती आपल्याच पतंगांच्या अळ्यांची करामत. साग पुन्हा पालवतो. शाल्मलीखाली लाल ढेकणांचा सडा पडतो, तेही इथलेच. किडीची ओळख पटवणारी माणसं पुण्यातच आहेत: शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र विभाग आहे, आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे. मोबाइलमधलं ॲप सांगेल ते अंतिम मानू नका.

आमच्या ग्रुपवर तूर्त पंप बाजूला ठेवलाय, थोडी नाराजी झाली. यंदा टेकडीसाठी विकतची रोपं आणू नयेत, असं मी तिथे मांडलंय. पांगारा, मोई, सालई, पळस यांच्या बिया इथल्याच झाडांखाली मिळतात. मे-जूनमध्ये पांगाऱ्याच्या शेंगा तडकतात. टेकडीवर जाणाऱ्यांनी खाली पडलेल्या बिया गोळा करा, भोक पडलेल्या सोडून द्या, आणि कोणत्या झाडाखालच्या ते पुडीवर लिहा. पिशव्या आणि माती माझ्याकडे आहे. जागा कोणाच्या अंगणात मिळेल ते कमेंटमध्ये सांगा.