रविवारी बस नाही म्हणजे नाहीच!

इंग्लंडातलं आमचं खेडं. दिवसाला तीन बस, शेवटची साडेपाचला, रविवारी एकही नाही. रविवारी माणसानं कुठे जायचंच नाही का? सरकारनं 2023 मध्ये बसचं एका फेरीचं भाडं जास्तीत जास्त 2 पौंड केलं, 2025 मध्ये 3. अहो, बसच येत नाही तर स्वस्त तिकीट कशाला? रेल्वे? 1963च्या बीचिंग अहवालानं, म्हणजे रेल्वेच्या काटछाटीच्या सरकारी अहवालानं, दोन हजारांवर स्टेशनांवर फुली मारली, त्यात आमचंही गेलं.

शेजारच्या आजींची नजर अधू झाली, गाडी चालवणं सुटलं. ज्येष्ठांचा मोफत बसपास आहे, पण तो चालतो साडेनऊनंतर आणि सकाळची बस सुटते नऊ वाजून दहा मिनिटांनी! दवाखान्यासाठी त्या रोज कुणाकुणाच्या हातापाया पडायच्या? संताप होतो नुसता!