‘फोनवर एक भाव, बिलात दीडपट’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

गीझर बदलून घेताना तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी असावी. जादा काम निघालं तेव्हा आमच्या मुलाने हात थांबवून आधी आकडा सांगायला हवा होता. ती चूक आमचीच.

पण ‘सरळ लुबाडणूक’ हा शब्द फार लागला. फोनवर तुम्ही म्हणालात, "जुना काढायचा, नवा टांगायचा, बस्स." भाव मी त्याचाच सांगितला, तोही १५ लिटरचा. मुलगा निघता निघता तुमचा पुन्हा फोन आला, २५ लिटरचा आणा म्हणून. तो फरकही तुम्ही ‘दीडपट’मध्ये धरलाय. १० लिटर वाढले म्हणजे नुसत्या पाण्याचंच १० किलो वजन वाढलं. ते जुन्या, सैल झालेल्या बोल्टवर कसं टांगणार? भोकं नवी पाडावी लागली, बोल्ट नवे.

आता ‘तीन तास टाइमपास’. जोडणी कशी आहे ते कळावं म्हणून मी फोटो मागितला होता. आला तो गीझरच्या तोंडाचा, लाल दिवा दिसेल असा! भिंतीतली लोखंडी निपल, म्हणजे आटे पाडलेला पाइपचा छोटा तुकडा, गंजून बसली होती. पान्हा लावताच आतच तुटली. टाइल न फोडता तिचे आटे बाहेर काढायलाच दीड तास गेला. टाइल फोडली असती तर वीस मिनिटांत झालं असतं, पण मग टाइलचा खर्च कुणाचा? बिलात निपल, दोन जोडपाइप, बोल्ट आणि मजुरी आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह खोक्यातच आला होता, त्याचा एक पैसा लावलेला नाही. बिल पुन्हा वाचून पाहा.

दुरुस्तीत भागलं असतं असंही लिहिलंय. कॉइल गेली असती तर कॉइलच बदलली असती. तुमची टाकीच गळत होती.

हे लिहिणार नव्हतो, पण टाकी भरायच्या आत तुम्ही दोनदा बटण दाबलंत. मुलाने बंद केलं, नाहीतर नवी कॉइल कोरडीच जळाली असती आणि तेही आमच्याच नावावर आलं असतं.

असो. यापुढे जोडणीचा खर्च वेगळा सांगू, जमेल तसं लिहूनही देऊ. मजुरीत काही कमी होतंय का बघतो, येताना बिल आणा. आणि पाणी फार कढत येत असेल तर थर्मोस्टॅट ६० वर आणायला सांगितलं होतं, तेवढं केलंत का?